थांबणे ज्याला परवडते, निकाल त्याचा

१ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एक निर्णय दिला. पुन्हा जुळणार नाही इतका मोडलेला विवाह राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली, म्हणजे ‘पूर्ण न्याय’ करण्याच्या आपल्या खास अधिकारात, आपण संपवू शकतो, असे त्यात म्हटले आहे. तेव्हापासून घटस्फोटावरचा आपला वाद दोन आरोळ्यांत अडकला आहे. एक बाजू म्हणते, घटस्फोट आता सोपा झाला, कुटुंबसंस्था संपली. दुसरी म्हणते, इंग्लंडने एप्रिल २०२२ पासून दोषारोपच काढून टाकले, आपण कधी काढणार? पहिल्या बाजूचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. तो अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाचा आहे. पुण्याचे, लातूरचे किंवा अकोल्याचे कुटुंब न्यायालय आजही ‘संसार मोडला आहे’ एवढ्या कारणावर घटस्फोट देऊ शकत नाही, आणि त्यासाठी कोणाला थेट दिल्लीत रिट अर्जही करता येत नाही, हे त्याच निकालात लिहिले आहे. दुसरी बाजू इंग्लंडची अर्धीच गोष्ट सांगते. तिथले न्यायालय घटस्फोटाच्या वेळी दोघांच्या नावावरची घरे, बचत, पेन्शन सगळे मोजून वाटून देऊ शकते. आपल्याकडे, गोवा सोडला तर, ज्याच्या नावावर घर, त्याचेच घर. हा फरक गाळला की उरलेली तुलना दिशाभूल करते.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मधली क्रूरता, त्याग, व्यभिचार अशी दोषाची कारणे राहू द्यावीत, पण समोरच्याची संमती नसताना घटस्फोट मिळवण्याचा तो एकमेव रस्ता असू नये, असे माझे ठाम मत आहे. सलग तीन वर्षे वेगळे राहणे हे स्वतंत्र कारण व्हावे, आणि त्या कारणावर हुकूमनामा, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम आदेश, देण्याआधी पैशाचा, घराचा व मुलांचा हिशेब पुरा करणे न्यायालयावर बंधनकारक असावे. यातला दुसरा भाग सोडून पहिला मागणे अन्यायाचे आहे. दोषाचा कायदा निर्दोष जोडीदाराचे रक्षण करतो ही समजूत मात्र आधी सोडून दिली पाहिजे. या कायद्यात शेवटी सरशी होते ती ज्याला थांबणे परवडते त्याची.

दोषावर अर्ज लढवायचा म्हणजे प्रत्यक्षात काय करावे लागते, हे या वादात फारसे कोणी सांगत नाही. लग्नाला एक वर्ष होईपर्यंत अर्जच करता येत नाही. कलम १४ खाली सूट मिळते ती असाधारण त्रास किंवा असाधारण नीचपणा दाखवला तर. अर्ज कुठे करायचा ते कलम १९ सांगते: लग्न जिथे लागले, सामनेवाला जिथे राहतो किंवा दोघे शेवटचे जिथे एकत्र राहिले तिथे; पत्नी अर्जदार असेल तर २००३ पासून ती स्वतः राहते तिथेही. त्याग हे कारण असेल तर अर्जाच्या लगतची सलग दोन वर्षे भरावी लागतात. तेवीस महिन्यांनी घाईने दाखल केलेला अर्ज मुदतीआधीचा ठरतो, आणि मधल्या काळात पुन्हा संसार सुरू करून पाहिला असेल, तर मोजणी पहिल्यापासून करावी लागू शकते. घर सोडले एवढे दाखवून भागत नाही. कायमचे सोडण्याचा इरादा होता आणि त्याला वाजवी कारण नव्हते, हेही सिद्ध करायचे असते. म्हणूनच वकिलाची पहिली नोटीस बहुधा ‘नांदायला या’ अशी जाते. पाठवणाऱ्याला नांदायचे असतेच असे नाही, त्याला नकाराचा कागद हवा असतो.

क्रूरतेच्या अर्जात सर्वांत जास्त फसते ते कथन. ‘सतत मानसिक छळ केला’ या वाक्यावर काहीच उभे राहत नाही. कोणत्या महिन्यात, कोणत्या घरात, कोणासमोर काय घडले हे अर्जातच यावे लागते, कारण अर्जात नसलेल्या प्रसंगावर पुढे पुरावा देता येत नाही. व्यभिचाराचा आरोप असेल तर त्या तिसऱ्या व्यक्तीला सहसा नावपत्त्यासह पक्षकार करावे लागते. व्हॉट्सॲपवरच्या संदेशांच्या छापील प्रतींना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र जोडले नसेल, तर समोरचा वकील तिथेच हरकत घेतो. मग समन्स, विवाह समुपदेशकाकडच्या बैठका, कैफियत म्हणजे सामनेवाल्याचे लेखी उत्तर, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली अंतरिम पोटगीचा अर्ज, दोघांची उत्पन्न आणि मालमत्तेची प्रतिज्ञापत्रे, मुद्दे काढणे, सरतपासणी, उलटतपासणी, युक्तिवाद. कलम २१-ब म्हणते, नोटीस बजावल्यापासून सहा महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा. अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असेही कायदा सांगतो. दोन्ही मुदती पाळल्या जात नाहीत हे कुटुंब न्यायालयाच्या बाकावर बसलेल्या कोणालाही ठाऊक आहे. निकाल लागला तरी अपिलाला नव्वद दिवस असतात. ती मुदत जाईपर्यंत किंवा अपील फेटाळले जाईपर्यंत कलम १५ पुनर्विवाहाला वाट देत नाही.

एवढे करूनही हाती काय लागते? पुण्यातल्या एका दांपत्याचा १९७५ चा निकाल कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवला जातो. नवऱ्याने साठच्या दशकाच्या सुरुवातीला अर्ज केला होता. न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिलेल्या त्या निकालात क्रूरता सिद्ध झाल्याचे मान्य केले आहे. नवरा कामावरून परतल्यावर त्याला घराबाहेर ठेवणे, रात्री दिवा लावून उशाशी बसून टोचत राहणे, असे प्रसंग त्यात नोंदलेले आहेत. तरीही अर्ज फेटाळला गेला, कारण त्या काळात दोघांचे शरीरसंबंध चालू होते आणि पत्नीला दिवस गेले होते. झाल्या वागणुकीला माफी दिली असा त्याचा अर्थ लावला गेला, आणि माफ केलेली क्रूरता कलम २३ प्रमाणे घटस्फोटाला किंवा न्यायिक विभक्ततेला (लग्न न मोडता वेगळे राहण्याच्या न्यायालयीन आदेशाला) चालत नाही. यातला धडा विचित्र आहे. संसार टिकवायची शेवटची धडपड जो करतो, एका खोलीत राहतो, लेकरांसाठी पुन्हा जुळवून घेतो, त्याची केस कमजोर होते. समेट व्हावा म्हणून समुपदेशक नेमणारा कायदा समेटाचा प्रयत्न करणाऱ्याला पुराव्यात मागे ढकलतो.

बरे, दोष सिद्ध झालाच, तर त्याचे परिणाम किती? लोकांना वाटते, बायको ‘दोषी’ ठरली की पोटगी बंद, नवरा ‘दोषी’ ठरला की घर बायकोचे. तसे काहीच होत नाही. कायमच्या पोटगीचे कलम २५ दोघांचे उत्पन्न, मालमत्ता आणि वर्तन पाहायला सांगते, पण वर्तन हा अनेक गोष्टींपैकी एक आहे. त्यागाच्या कारणावर जिच्याविरुद्ध घटस्फोट झाला, त्या पत्नीलाही फौजदारी प्रक्रिया संहितेच्या तेव्हाच्या कलम १२५ खाली, म्हणजे आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, पोटगी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच सांगितले. पोटगीला खरा धक्का बसतो तो व्यभिचाराने, आणि त्या कलमात ती अट फक्त बायकोसाठी आहे. मुलांचा ताबा त्यांच्या हितावर ठरतो, कोणाच्या दोषावर नाही. घटस्फोट झाला की दोघे एकमेकांचे वारस राहत नाहीत, मग हुकूमनामा कोणत्याही कारणावर असो. म्हणजे वर्षानुवर्षे जे सिद्ध करायला माणसे झगडतात, त्यावर पुढच्या आयुष्यातले फारच थोडे अवलंबून असते.

नुकसान मात्र पुरेपूर होते. कैफियतीत चारित्र्यावर केलेला आणि सिद्ध न झालेला आरोप हीच स्वतंत्र क्रूरता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये एका मराठी दांपत्याच्या प्रकरणात म्हटले. आरोप नंतर दुरुस्ती करून मागे घेतला तरी जखम पुसली जात नाही, असेही त्यात आहे. न्यायालय योग्यच बोलले. पण मुळात ते आरोप का लिहिले गेले? समोरच्याने दोष लावल्यावर कैफियतीत त्याहून मोठा दोष लावणे ही या दाव्यांची रीतच आहे. पुण्याच्या कुटुंब न्यायालयातून निघालेल्या दुसऱ्या एका प्रकरणात नवऱ्याने पत्नीचा व्यभिचार सिद्ध करण्यासाठी मुलाची डीएनए चाचणी मागितली. खालच्या न्यायालयाने ती मंजूर केली, उच्च न्यायालयाने कायम केली, आणि अखेर फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाकारली. आई-बापांच्या भांडणात मूल पुराव्याची वस्तू होऊ नये, हे सांगायला तीन न्यायालये ओलांडावी लागली. जुलै २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने जोडीदाराचे गुपचूप ध्वनिमुद्रित केलेले बोलणे वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून ग्राह्य धरले. कायद्याच्या चौकटीत तो निर्णय समजू शकतो, पण दोष हाच एकमेव दरवाजा ठेवला की फोनचे रेकॉर्डिंग चालू ठेवून स्वयंपाकघरात बोलणारे संसार वाढणार, हेही तितकेच खरे.

यावर उत्तर दिले जाते की मग कलम १३-ब आहे ना, परस्पर संमतीने घ्या. १९७६ च्या दुरुस्तीने आलेली ही सोय चांगली आहे. एक वर्ष वेगळे राहायचे, अर्ज करायचा, सहा महिन्यांनी पुन्हा हजर व्हायचे. तो सहा महिन्यांचा काळही २०१७ पासून योग्य प्रकरणात माफ होऊ शकतो. पण संमती हुकूमनाम्याच्या क्षणापर्यंत मागे घेता येते, आणि समोरच्याला संमती द्यायची सक्ती नाही. परिणामी संमतीला बाजारभाव येतो. नवऱ्याला पुन्हा लग्न करायचे असेल आणि बायको अडून बसली, तर तो रक्कम वाढवतो. बायकोला सुटका हवी असेल आणि नवरा अडून बसला, तर ती पोटगी सोडते, स्त्रीधन सोडते, छळाची फौजदारी तक्रार मागे घेते, कधी मुलाच्या खर्चावरही पाणी सोडते. तडजोडीच्या अटींत ‘भूतकाळातील, वर्तमानातील व भविष्यातील पोटगीचा हक्क सोडला आहे’ हे वाक्य इतके ठरीव झाले आहे की ते कोणाला खटकतही नाही. दोषाचा दावा आठ-दहा वर्षे रेटण्याची धमकी पाठीशी असते म्हणूनच ही सौदेबाजी चालते. ज्याच्याकडे पगार आहे, राहायला घर आहे, वयाची घाई नाही, तो थांबतो. दुसरा सही करतो. यात निर्दोष कोण आणि दोषी कोण, हा प्रश्न आला कुठे?

सुटकेचा मार्ग ही पाश्चात्त्यांकडून आलेली गोष्ट आहे, हा आक्षेप तर आपल्या इतिहासाने केव्हाच खोडला आहे. महाराष्ट्रातल्या कित्येक जातींत पंचांसमोर काडीमोड होत असे आणि बाई पाट लावून पुन्हा संसार मांडत असे. हिंदू कोड बिलाच्या चर्चेत डॉ. आंबेडकरांनी हाच मुद्दा मांडला होता: बहुसंख्य हिंदूंमध्ये घटस्फोटाची रूढी आहे, मग थोड्यांचा नियम सर्वांवर का लादायचा? मुंबई प्रांताने १९४७ मध्येच हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला होता, आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ ने रूढीचा घटस्फोट १९५५ नंतरही शाबूत ठेवला. जुन्या रूढीचे मी गोडवे गात नाही. पंच अनेकदा दंड बाईकडूनच वसूल करत, आणि आज मुद्रांक कागदावर नोटरीपुढे केलेला फारकतनामा, रूढी सिद्ध करता आली नाही तर, कवडीमोल ठरतो. त्याच्या भरवशावर दुसरे लग्न करणारा द्विविवाहाच्या गुन्ह्यात अडकतो. पण लोक अजून असल्या कागदांकडे का वळतात याचा विचार करा. त्यांना आरोप-प्रत्यारोप नको असतात, आणि न्यायालयाकडे तसा रस्ता नाही.

रखमाबाईंचा खटला या संदर्भात पुन्हा वाचावा. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नांदायला जायला नकार दिला, आणि नवऱ्याने १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला. अपिलात तो पुन्हा उभा राहिला. मार्च १८८७ मध्ये महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग, असा हुकूम झाला. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. सुटका झाली ती १८८८ मध्ये, नवऱ्याला दोन हजार रुपये देण्याच्या तडजोडीने. पुढे त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या. कायद्यात बाहेर पडायचा दरवाजा नसेल तर पैसा दरवाजा उघडतो, हे त्यांच्या प्रकरणात जितके उघड दिसले तितकेच आजच्या संमतीच्या अटींत दिसते.

विरोधकांचे दोन मुद्दे मात्र खरोखर वजनदार आहेत. पहिला: वीस वर्षे घर सांभाळलेल्या, नोकरी नसलेल्या बाईला नवरा सोडतो, तीन वर्षे दुसरीकडे राहतो आणि वेगळेपणाच्या कारणावर घटस्फोट मागतो. स्वतःच्या चुकीचा फायदा घेऊ नये हे कलम २३ चे तत्त्व इथे तिची ढाल आहे. ती काढून घ्यायची का? दुसरा: जिने मार खाल्ला, तिला न्यायालयाने ‘तुझ्यावर क्रूरता झाली’ असे लिहून द्यावे असे वाटते, आणि त्या शब्दांना तिच्या आयुष्यात किंमत असते.

दुसऱ्या मुद्द्यावर माझे म्हणणे सरळ आहे: म्हणूनच दोषाची कारणे राहू द्या. जिला तीन वर्षे थांबायचे नाही, जिला तो निष्कर्ष हवा आहे, तिने क्रूरतेवर अर्ज करावा. संरक्षण, निवास आणि भरपाईसाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा घटस्फोटाशिवायही आहेच. पण तो निष्कर्ष नको असणाऱ्यालाही तोच मागायला लावणे हा तिच्या हक्काचा भाग नव्हे.

पहिल्या मुद्द्यावर अधिक बोलावे लागेल, कारण ढाल किती जाड आहे हे कोणी तपासत नाही. ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रात परित्यक्ता स्त्रियांची चळवळ उभी राहिली, तेव्हा संमतीचा घटस्फोट सोडला तर कायदा मुख्यतः दोषावरच उभा होता. त्या बायकांना कोणी घटस्फोट दिला नव्हता, टाकले होते. नवऱ्याला न्यायालयात जायची गरजच नव्हती. तो दुसरी बाई घरात आणत होता, आणि कायद्याने पत्नी राहिलेली ही बाई माहेरच्या दारात उभी होती. नाव पत्नीचे, पण घर नाही, पैसा नाही. दोषाच्या ढालीने तिला जे दिले ते एवढेच. शिवाय ती ढाल कायद्यानेच आधी सैल केली आहे. १९६४ आणि १९७६ च्या दुरुस्त्यांनंतर, न्यायिक विभक्ततेचा किंवा नांदण्याचा हुकूमनामा झाल्यावर वर्षभर एकत्र आले नाहीत, तर हुकूमनामा ज्याच्याविरुद्ध गेला तोही घटस्फोट मागू शकतो. केवळ न नांदणे ही ‘स्वतःची चूक’ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालय १९७७ मध्ये म्हणाले. २००१ मध्ये मात्र, न्यायिक विभक्ततेनंतरही परस्त्रीशी संबंध चालू ठेवणाऱ्या आणि ठरलेली पोटगी न देणाऱ्या नवऱ्याला त्याच न्यायालयाने हा फायदा नाकारला. पोटगी बुडवून सुटका मिळणार नाही, हे सूत्र २००१ च्या या निकालातून उचलून कायद्यात घालायला हवे.

त्या बाईला हवे आहे ते घरातला वाटा. गोव्याकडे पाहा. तिथे १९१० च्या पोर्तुगीज हुकुमान्वये दोषाच्या कारणांबरोबरच, स्वेच्छेने दहा वर्षे वेगळे राहणे हेही घटस्फोटाचे कारण होते, निमित्त काहीही असो. दहा वर्षे फारच झाली. पण मोलाची गोष्ट वेगळी आहे: लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर तिथे पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि अर्धा वाटा हक्काने येतो. सिंधुदुर्गातल्या बाईला कलम २७ खाली लग्नाच्या वेळी दोघांना मिळून आलेल्या भेटवस्तूंपुरता आदेश मिळतो, आणि सीमेपलीकडच्या पेडण्यातल्या बाईला घराचा अर्धा भाग. यातल्या कोणत्या बाईला नवऱ्याचा दोष सिद्ध करण्याची जास्त गरज पडेल?

विधी आयोगाने १९७८ मध्ये ७१ व्या आणि २००९ मध्ये २१७ व्या अहवालात मोडलेला विवाह हे स्वतंत्र कारण असावे अशी शिफारस केली. ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेने तसे विधेयक मंजूरही केले: तीन वर्षे वेगळे राहणे, गंभीर आर्थिक हाल होणार असतील तर पत्नीला विरोधाचा हक्क, मुलांची तरतूद, पतीच्या स्थावर मालमत्तेतून पत्नीला भरपाई. पंधरावी लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झाले. ते पुन्हा आणताना काही गोष्टी बदलाव्या लागतील. विरोधाचा हक्क अवलंबून असलेल्या कोणत्याही जोडीदाराला द्यावा; आजारी, बेरोजगार नवऱ्यालाही. भरपाई न्यायाधीशाच्या मर्जीवर न सोडता, लग्नानंतर मिळवलेली मालमत्ता कोणाच्याही नावावर असो, ती विभागणीत धरावी. फ्लॅट सासऱ्याच्या नावावर आणि हप्ते मुलाच्या पगारातून अशी व्यवस्था असेल तर भरलेले हप्ते मोजावेत. अंतरिम पोटगीची थकबाकी शून्य झाल्याशिवाय वेगळेपणाच्या अर्जावर अंतिम युक्तिवाद ऐकू नये. आणि २०२० पासून बंधनकारक असलेल्या मालमत्तेच्या प्रतिज्ञापत्राला दोघांची आयकर विवरणपत्रे व तीन वर्षांचे बँक खाते उतारे जोडल्याशिवाय अर्ज नोंदवूनच घेऊ नये, कारण आज ‘उत्पन्न नाही’ असे लिहून देणारा नोकरदार माणूस उलटतपासणीपर्यंत निवांत असतो.

हे झाले नाही तरी मोडलेल्या विवाहावर घटस्फोट मिळतच राहील, पण फक्त दिल्लीपर्यंत पोहोचणाऱ्यांना. जालन्यातली शिक्षिका आणि तिचा नवरा बारा वर्षे वेगळे राहत असतील, तर त्यांना आधी कुटुंब न्यायालयात हरायचे, मग औरंगाबाद खंडपीठात हरायचे, आणि त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती अर्ज करून अनुच्छेद १४२ ची कृपा मागायची. एका न्यायालयाला जे न्याय्य वाटते ते करण्याचा अधिकार जालन्याच्या न्यायाधीशाला का नसावा, याचे उत्तर कुटुंबसंस्थेच्या नावाने घोषणा देणाऱ्यांनी द्यावे. आणि तो अधिकार देताना घराचा वाटा का विसरला जातो, याचे उत्तर इंग्लंडचे दाखले देणाऱ्यांनी द्यावे.